आतल्या पाण्याचा राखणदार

ईओतियाला चालता येण्याआधी पोहता येऊ लागलं, असं त्याची आई सांगायची. त्याचा चुलतभाऊ तुताई त्यात भर घालायचा, "आणि पोहता येण्याआधी पाउआ खाता यायला लागले." पाउआ म्हणजे खडकात रुतून बसणारा, निळ्या-हिरव्या ओठांचा शिंपला. लाटा फुटतात त्या प्रवाळाच्या बांधाच्या अलीकडे, गावासमोरच्या आतल्या पाण्यात तो एके काळी इतका होता, की पाय टेकायचा कुठे असा प्रश्न पडायचा.

विसाव्या वर्षी ईओतिया एका दमात सात-आठ पाउआ कापून वर यायचा. शिंपला खडकातच राहू द्यायचा, पातळ सुरी फटीतून आत सारायची आणि मांस तेवढं सोडवून घ्यायचं. ऑकलंडला निघालेल्या प्रत्येक माणसाच्या हातात एक थंडपेटी असायची, आणि पेटीत ईओतियाचे पाउआ. तिकडे कारखान्यांत राबणाऱ्या मावश्या-आत्या ते रडत रडत खायच्या. पेटी द्यायची पद्धत आधीही होती, पण ती काठोकाठ भरायची सवय गावाला ईओतियाने लावली.

पुढे तो स्वतःच ऑकलंडला गेला. मांसाच्या कारखान्यात अठरा वर्षं मेंढ्यांच्या फऱ्यांमधून हाडं सोडवत उभा राहिला. परत आला तेव्हा पन्नाशी उलटली होती. पहिल्याच सकाळी तो पाण्यात उतरला. खडक जागच्या जागी होते. त्यांत रुतलेले शिंपले आ वासून पडले होते, शेवाळलेले, आत काही नाही. जिवंत पाउआ त्या दिवशी त्याला दोनच दिसले. दुसऱ्या कुणावर ढकलावं असंही नव्हतं. कित्येक शिंपल्यांच्या कडेवर सुरी उलट्या बाजूने लागल्याची खूण होती. गावात डावखुरा पाणबुड्या एकच होता.

हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नाही. अकाइतीने विचारलं, "कसं आहे पाणी?" तर म्हणाला, "गार आहे."

गावात राउई घालावी हे मग त्यानेच मांडलं. राउई ही जुनी चाल. मुखियाने सांगायचं, किनाऱ्यावर दोन खुंट रोवून त्यांना नारळाच्या झावळ्या बांधायच्या आणि त्या दोन खुंटांमधल्या पाण्याला मुदत संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मुखिया पाइआऊने गावच्या ख्रिस्ती देवळाशेजारच्या सभागृहात माणसं जमवली, मुदत सात वर्षं सांगितली आणि विचारलं. सगळे हात वर गेले. राखणदार कोण, असं विचारल्यावर सगळी तोंडं ईओतियाकडे वळली. त्याला रडू आलं. लोकांना वाटलं, मानामुळे.

सात वर्षं त्याने राखण केली. मासेमारी खात्याने टाक्यांत वाढवलेली नखाएवढी पाउआची पिल्लं त्याने एकेक करून खडकांच्या खाचांत बसवली. दर बुधवारी पाण्यात घालायच्या चष्म्याच्या काचेला, ती धूसर होऊ नये म्हणून, थुंकी लावून पाण्यात शिरायचा आणि मोजून यायचा. घरी येऊन आकडा सांगायचा. अकाइती म्हणायची, "माझ्या बाळंतपणाचे दिवस कधी असे मोजले नाहीस."

"तुझं बाळंतपण खडकात नव्हतं."

"खडकाशी लग्न केलं होतं की मी!"

सातव्या वर्षी आकडा सहाशे बारावर गेला. ईओतियाच्या मनात एकच होतं आणि ते त्याने आता बायकोला सांगितलं होतं. मुदत संपली की एका दिवसासाठी बंदी उठवायची, आपण स्वतः पाण्यात उतरायचं आणि एकेचाळीस घरांना दोन-दोन पाउआ आपल्या हाताने द्यायचे. मग पुन्हा झावळ्या बांधायच्या. "जेवढं माझ्या सुरीने नेलं त्यातलं थोडं तरी माझ्या हाताने त्यांच्या ताटात पडू दे," तो म्हणाला. "मग मला उचललं तरी चालेल."

"उचलायला सहाजण लागतील," अकाइती म्हणाली. "आधी थोडा बारीक हो."

मुदतीला दोन महिने उरले असताना मासेमारी खात्याची मीरिआमा नावाची मुलगी रारोटोंगा या मुख्य बेटावरून आली. बगलेत छापील कागदांचा गठ्ठा. घराघरात जाऊन तीन प्रश्न विचारायचे होते: बंदी पुढे हवी का? तुम्ही स्वतः ती पाळाल का? दुसरा कुणी मोडताना दिसला तर सांगाल का?

वाट दाखवायला ईओतिया तिच्याबरोबर निघाला. पहिल्या दोन घरांनंतर ती चाचरत म्हणाली, "पापा, तुम्ही जरा बाहेर थांबाल का? माणसं मोकळेपणाने बोलतील."

"माझ्यासमोर मोकळेपणाने बोलत नाहीत होय? अगं, यातल्या निम्म्यांची नाकं मी पुसलीत."

ती हसली आणि तो विषय तिने सोडून दिला. म्हणून एकेचाळीसही दारांत ती कागद घेऊन उभी राहिली आणि तिच्या मागे ईओतिया. म्हातारी ममा न्गापोको सुपारीएवढी मूठ वळून म्हणाली, "मोडणाऱ्याचा हात झडो, असं लिही." मीरिआमा म्हणाली, "ममा, इथे फक्त हो किंवा नाही लिहायचंय." "मग हो लिही, आणि हात झडो बाजूला लिही." तुताई आता देवळातला डीकन, म्हणजे पाद्रीबाबांचा मदतनीस, झाला होता. तिसऱ्या प्रश्नाला त्याने घसा खाकरला. "सांगेन. माझा सख्खा भाऊ असला तरी सांगेन."

"तुला सख्खा भाऊच नाही," ईओतिया म्हणाला.

"म्हणून तर छातीठोक सांगतोय!"

एकेचाळीस घरं, तीन प्रश्न, सगळे होकार. मीरिआमाने गठ्ठ्याला रबर लावलं आणि म्हणाली, "पापा, असं गाव मी पाहिलं नाही." ते वाक्य ईओतियाने कित्येक दिवस जवळ बाळगलं. रस्त्यात माणसं भेटली की त्याला त्यांच्याबद्दल एकदम माया दाटून यायची. घरी पाहुणा येतो तसा त्याच्या मनात गावाबद्दलचा विश्वास येऊन राहिला होता, आणि त्याला जा म्हणावंसं वाटत नव्हतं.

मग ऑकलंडहून मंडळी यायची ठरली. इथून गेलेल्यांची मुलं आणि नातवंडं, चव्वेचाळीसजण, देवळाच्या नव्या छपरासाठी. प्रत्येक घराकडे एकजण, तीन घरांकडे दोघं. पाहुणा ज्या घरी उतरेल त्या घराची अब्रू शनिवारच्या मेजवानीत टेबलावर मांडली जाणार होती. प्रत्येक घराने आपलं पातेलं आणायचं, वर पांढरं फडकं. हीच आमची रीत. पाहुण्यासमोर दुसऱ्या घराचं पातेलं भारी ठरलं, तर ती गोष्ट तीन पिढ्या पुरते.

पाहुणे यायच्या आधीच्या सभेत तुताईने विचारलं, "विमानतळावर स्वागताची हाळी कोण देणार?" आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाला, "पापा ईओतिया. त्यांच्यासारखा गळा कुणाचाय?"

"माझा गळा आता बेडकासारखा झालाय."

"बेडूक पण जुना आहे," न्गापोको म्हणाली. "जुन्या बेडकाची हाळी लागते. जा."

सगळे हसले. सगळेच जा म्हणाले. शनिवारी सकाळी अकाइतीने त्याचा फुलाफुलांचा शर्ट स्वतः इस्त्री केला, गळ्यात तीन हार घातले आणि सातलाच त्याला ट्रकमध्ये बसवलं. विमान नऊचं होतं. "लवकर गेलेलं बरं," ती म्हणाली. विमानतळ बेटाच्या पलीकडच्या अंगाला. विमान आलं साडेअकराला. तोवर ईओतिया गवतावर बसून हाळीचे शब्द घोळवत होता. भरती-ओहोटीचं अख्खं वर्षाचं कोष्टक ज्याला पाठ, त्याच्या डोक्यात एकदाही आलं नाही, की आजची ओहोटी दहाची आहे, आणि वर्षातली सगळ्यात खोल ओहोटी आहे.

हाळी त्याने उत्तम दिली. पाहुण्यांतल्या दोन बायका रडल्या.

सभागृहात टेबलं एका रांगेत लावली होती. डुकराचं मांस, तारोचे कंद, केळी जमिनीतल्या भट्टीतून आत्ताच निघाली होती, त्यांचा वाफाळ वास भरून राहिला होता. पातेल्यांवर फडकी. पाद्रीबाबांनी प्रार्थना केली, आमेन झालं, आणि बायकांनी एकदम फडकी उचलली.

पहिल्या पातेल्यात नारळाच्या दुधात, लिंबू पिळून, पाउआ होते. दुसऱ्यातही. तिसऱ्यातही. रांगेच्या शेवटपर्यंत, प्रत्येक पातेल्यात पांढऱ्या दुधातून ते निळे-हिरवे ओठ वर आलेले. आधी आपल्या पातेल्याकडे अभिमानाने पाहणाऱ्या बायका शेजारच्या पातेल्याकडे पाहू लागल्या. मग पलीकडच्या. कुणाचं फडकं हातातच राहिलं. प्रत्येक घराला वाटलं होतं, की आपणच, फार तर शेजारचं एखादं घर. बाकीचं गाव पाळतंय, तर आपल्या चार-दोनांनी काय होतंय.

मग सगळ्यांनी ईओतियाकडे पाहिलं. ईओतिया आपल्या घरच्या पातेल्याकडे पाहत होता. ते अकाइतीचं निळ्या काठाचं पातेलं, आणि त्यातले पाउआ सगळ्यांत मोठे होते. तिसऱ्या खडकावरचे. खडक आणि खाच दोन्ही त्याला ठाऊक होती.

पाहुण्यांचा म्होरक्या, जाडजूड, हसरा माणूस, टाळ्या वाजवत उठला. "पापा, आम्ही ऐकलं होतं की तुम्ही बंदी घातलीये. अहो, याला म्हणतात बंदी! केवढं पिकलंय पाणी! पहिला घास राखणदाराचा!"

कुणीतरी ताट त्याच्या हातात दिलं. चव्वेचाळीस पाहुणे बघत होते. पाहुण्यांसमोर घरचं ताट नाकारायचं नसतं. ईओतियाने एक पाउआ तोंडात घातला. कित्येक वर्षांनी तो खात होता. चव अगदी तीच होती, आणि जिभेला ती आवडली. या गोष्टीची त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

दुपारी पातेलं घासताना अकाइतीच आधी बोलली. "तू नाही म्हणाला असतास."

"हो."

"म्हणून विचारलं नाही. तुला खोटं बोलायला लागू नये म्हणून. एवढं समजत नाही का?"

"तुला तर मी सांगितलं होतं. माझ्या हाताने द्यायचे होते मला."

"आणि आपल्या घरी पाहुणा उतरलाय तो? त्याच्यासमोर मी टिनची मासळी ठेवायची? न्गापोकोच्या सुनेने सकाळी आठलाच बादली घेऊन खाली जाताना मला हाक मारली. ती गेली नसती तर मी गेलेच नसते."

"तिलाही कुणीतरी हाक मारली असेल."

"मला काय माहीत? मी दोनच काढले." तिने पातेलं उपडं घातलं. "चार."

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी पाण्यात पाऊल घालायचं नसतं. ईओतिया देवळात पहिल्या बाकावर बसला. मागे अख्खं गाव पांढऱ्या टोप्या घालून गात होतं, आणि गात होतं ते अप्रतिम. आमच्या गावासारखे सूर साऱ्या बेटावर कुणाचे लागत नाहीत. तो त्यात मिसळू शकला नाही. ओठ हलवत राहिला.

सोमवारी तो उतरला. पाण्याखाली सगळं स्वच्छ दिसत होतं. शिंपले खडकांतच होते, आ वासलेले, आतून दुधासारखे पांढरे, अजून शेवाळ न धरलेले. इतकी तोंडं आणि एकालाही जीभ नाही. त्याने सगळे खडक मोजले. जिवंत सत्तावन्न.

रस्त्यात त्याला भेटेल त्याने न विचारताच सांगितलं. "पापा, आम्ही दोनच." "पापा, लेकराची शपथ, तीन." न्गापोको म्हणाली, "मी म्हातारी, मी कशी उतरणार? सुनेने आणले, मी ओरडले तिच्यावर." ईओतिया चालता चालता बेरीज करत होता. दोन, तीन, चार धरले तरी दीडशेच्या पुढे जात नव्हते. पाचशे पंचावन्न कमी होते. टेबलावर तेवढे नव्हते. बाकीचे गेले कुठे?

ते गुरुवारी कळलं. पाहुणे निघाले तेव्हा निरोपाची हाळी द्यायला त्याला पुन्हा विमानतळावर नेलं. ट्रकमधून सामान उतरत होतं. बॅगांमागून थंडपेट्या. पांढऱ्या, निळ्या, झाकणांवर चिकटपट्टी मारलेल्या, वर घराघरांची नावं: अमक्या मावशीला, तमक्या आत्याला. तुताई त्या ओळीने लावत होता. ईओतियाला पाहून तो वाकला, आणि उगीचच बुटाची नाडी बांधू लागला. त्याचे बूट बिननाडीचे होते.

म्होरक्याने एक पेटी ईओतियाच्या हातात दिली. "पापा, जरा धरता? मी तिकिटं दाखवून येतो."

ईओतियाने धरली. झाकण उघडायची गरजच नव्हती. बर्फातल्या पाउआंचं वजन कसं एका अंगाला डुचमळतं, कोपर किती खाली ओढलं जातं, हे त्या हातांना चाळीस वर्षांपूर्वीच कळलं होतं. सबंध गाव त्याच्यावर उलटलं असं त्याला वाटत होतं, आणि त्याच वेळी हातातली पेटी त्याची स्वतःची होती. पेटी खाली ठेवून मोकळं व्हावं असं त्याला वाटलं. पण माणूस परत येईपर्यंत त्याने ती सांभाळून धरली.

महिन्याने मुदत संपली. मीरिआमा पुन्हा आली, सभागृहात माणसं जमली. बाहेर ऊन होतं. पाइआऊ मुखिया उठून म्हणाला, "बंदी पुढच्या सात वर्षांसाठी ठेवायची का? ज्यांना हवी..."

वाक्य संपायच्या आत हात वर गेले. न्गापोकोने दोन्ही हात वर केले. तुताईचा हात ताठ, बाहीची इस्त्रीही न मोडता. अकाइतीचा हात ईओतियाच्या शेजारीच वर होता, बोटांना सकाळच्या कांद्याचा वास. ईओतियाने मागे वळून एकेक तोंड पाहिलं. कुणीही खोटं बोलत नव्हतं. हेच त्याला सहन होईना. सगळ्यांना बंदी खरोखरच हवी होती. मागच्या वेळीही हवी होती. पुढचे पाहुणे उतरतील त्या सकाळीही हवीच असेल.

मीरिआमा मोजत मोजत त्याच्यापाशी येऊन थांबली. "पापा?"

"झोप लागली असेल," कुणीतरी म्हणालं. थोडं हसू झालं.

"जागा आहे मी."

"मग हात?" पाइआऊ म्हणाला.

"खाली आहे."

अकाइतीने त्याचं कोपर धरलं. "वर कर. लोक बघतायत."

"बघू देत. लिहून घे, पोरी. माझं नको आहे."

"अहो पापा, पण बंदी तुम्हीच आणलीत!" तुताई उठून उभा राहिला.

"आणली."

"मग कारण सांगा."

ईओतिया उठून उभा राहिला. पेट्या, ओहोटी, इस्त्रीचा शर्ट, डावखुऱ्या सुरीची खूण, सगळं एकदम जिभेवर आलं. त्यातलं एकही बोललं असतं तर दुसरं दडवल्यासारखं झालं असतं. तो खाली बसला.

न्गापोको मान हलवत म्हणाली, "बघा गं बाई. कुंपणानेच शेत खाल्लं."

कुणीही तिला गप्प केलं नाही. मीरिआमाने कागदावर लिहिलं: हो, शहाण्णव. नाही, एक. लिहिताना तिने ईओतियाकडे असं पाहिलं, जणू आपण या माणसाला ओळखण्यात चुकलो होतो. राखणदार म्हणून मग तुताईचं नाव आलं. पुन्हा शहाण्णव हात.

बुधवारी सकाळी ईओतियाने सवयीने चष्मा घेतला, काचेला थुंकी लावली आणि पाण्यात उतरला. गुडघाभर पाण्यात गेला असेल नसेल, तोच किनाऱ्यावरून हाक आली. खुंटांना नव्या हिरव्यागार झावळ्या बांधल्या होत्या आणि तिथे तुताई उभा होता, हातात काठी.

"पापा! बाहेर या! बंदी आहे."

"मोजायला चाललोय."

"मोजायला आता मी आहे." तुताईचा आवाज कडक होता, आणि त्यात काही ढोंग नव्हतं. "तुम्हालाच जर परवानगी दिली तर उद्या लोक काय म्हणतील? तुमचा तर हातसुद्धा खाली होता."

"किती आहेत आत, तुताई?"

तुताईने बांधाकडे, फुटणाऱ्या लाटांकडे पाहिलं.

"आहेत की. भरपूर आहेत."

ईओतिया वळला. पाणी पायांवरून मागे सरत होतं. ओहोटी लागली होती. तो तुताईच्या जवळून वर आला, तेव्हा तुताईने त्याला वर चढायला हात दिला, आणि त्याने तो धरला.